वहिनींचा 'पिंजरा'

जुन्या सिनेमाची धुऊनपुसून नवी केलेली प्रत घरी बसून बघताना माणसं काय काय बोलतात, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. पण बोललेलं तेवढं लिहून भागत नाही. कुणी काय बोललं यापेक्षा का बोललं ते महत्त्वाचं, आणि ते सांगायचं तर घरातल्या चार गोष्टी बाहेर येतात. शेवटी वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की भाऊजी, माझं काय जातंय. पण नाव नका घालू." म्हणून नाव घातलेलं नाही.

सिनेमा आपल्या सर्वांच्या ओळखीचा, व्ही. शांतारामांचा 'पिंजरा'. १९७२ सालचा. गोष्ट अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं, लावण्यांना आवाज उषा मंगेशकरांचा. डॉ. श्रीराम लागूंचा हा पहिला मोठा सिनेमा. संध्याबाई आणि निळूभाऊ फुले तर आहेतच. खेबुडकर मूळचे शिक्षक, हे पुष्कळांना माहीत नसतं. दिवसा फळ्यावर खडू आणि रात्री कागदावर लावणी! शिक्षकाच्या हातून अशी लावणी उतरते याचा आम्हा मास्तर मंडळींना चोरटा अभिमान वाटायचा. उघड कुणी बोलायचं नाही, कारण सिनेमात त्याच लावणीपायी गुरुजीचं वाटोळं होतं.

तरुण वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात. एका गावात आदर्श गुरुजी. गावात तमाशाचा फड येतो. गुरुजी त्याला नदीपलीकडे घालवतो. फडातली चंद्रकला चिडते आणि या गुरुजीच्या हातात तुणतुणं देऊन त्याला बोर्डावर उभा करीन असा पण करते. गुरुजी हळूहळू तिच्यात गुंततो. गावात एक खून होतो, चेहरा ओळखू न येणाऱ्या त्या प्रेताच्या अंगावर गुरुजीचे कपडे चढवले जातात आणि गावाला वाटतं गुरुजी मारला गेला. गाव त्याचा पुतळा उभारतं. इकडे जिवंत गुरुजी फडाबरोबर गावोगाव हिंडत, अपमान गिळत, खरोखरच तुणतुणं धरतो. शेवटी पोलीस त्याला पकडतात ते गुरुजीच्या खुनाबद्दल, म्हणजे स्वतःच्याच खुनाबद्दल. लोकांच्या मनातला आदर्श मोडू नये म्हणून तो खरं सांगत नाही आणि फाशी जातो.

हा सिनेमा दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा थिएटरांत लागला. तेव्हा मला सोलापूरला जाणं जमलं नाही, सौ.चे गुडघे. ते राहिलं ते राहिलंच. मग २०२५ च्या ऑक्टोबरात संध्याबाई गेल्याची बातमी आली आणि गल्लीत पुन्हा 'पिंजरा'चा विषय निघाला. आमच्याकडे त्या वर्षी भाद्रपदात पावसानं सोयाबीन शेतातच कुजवलं होतं. दिवाळीला कुणाच्या हातात पैसा नव्हता, कुणाला कुठं जायचं नव्हतं. नातू पुण्याहून आलेला. तो म्हणाला, "आबा, मोठ्या टीव्हीवर लावतो, सगळ्यांना बोलवा." भाऊबीजेच्या संध्याकाळी बैठकीत जाजम अंथरलं.

आले कोण कोण? आमच्या गल्लीतले निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांना सगळे मास्तर म्हणतात आणि मला सर, त्यामुळे घोटाळा होत नाही. शेजारच्या गावचे एक बाबा, ज्यांनी उभी हयात फडांतून ढोलकी वाजवली. आता शासनाचं वृद्ध कलावंतांचं मानधन खातात आणि पोरांना भजनाचा ठेका शिकवतात. आमच्या सौ. दोन सुना. आणि माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी. वय अठ्ठ्याहत्तर. 'पिंजरा'ची सगळी गाणी त्यांना चालीसकट पाठ आणि सिनेमा मात्र कधीच पाहिलेला नाही.

यात नवल काही नाही. १९७२-७३ मध्ये आमच्या भागातल्या सुनेनं तमाशाचा सिनेमा बघायला जाणं शक्यच नव्हतं. गाणी मात्र कोण अडवणार? लग्नाचा मांडव, गणपती, पिठाची गिरणी, जिथं कर्णा तिथं 'पिंजरा'. उचकीची लावणी ऐकत बायका भाकरी थापायच्या आणि इंगळीची लावणी लागली की सासू ओरडायची, "बंद करा ते!" बंद कोण करणार, कर्णा तर दुसऱ्याच्या दारात.

तर सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मास्तर अस्वस्थ. त्यांनी हा सिनेमा अकरा वेळा पाहिलेला आहे. सोलापुरात, उमरग्याला, जत्रेतल्या तंबूत, पुढे व्हिडिओवर. ते म्हणाले, "सर, पाऊस कुठं गेला?"

नातवाला कळेना. त्याला सांगितलं की जुनी फिल्म मशीनवर फिरून फिरून तिच्यावर उभे ओरखडे पडायचे, पडद्यावर सतत रिपरिप पाऊस पडतोय असं दिसायचं. आम्ही त्याला पाऊसच म्हणायचो. पाऊस जास्त म्हणजे सिनेमा जास्त चाललेला, म्हणजे चांगला. नातू म्हणाला, "आजोबा, तो काढून टाकायलाच तर एवढा खर्च केलाय." मास्तर म्हणाले, "असंल बाबा. पर लई कोरडं वाटलालंय."

मला त्यांची तक्रार पटली नाही, पण खोटीही वाटली नाही. त्यांच्या आठवणीतल्या 'पिंजरा'त त्या पावसासकट तंबूत पेटलेल्या विड्यांचा धूर आहे, रीळ तुटल्यावरच्या शिट्ट्या आहेत, पडद्यावर भिरकावलेल्या पाच-दहा पैशांच्या नाण्यांचा आवाज आहे. नव्या प्रतीत हे कुठून येणार? बाहेरदेशी म्हणे गायकांच्या मैफिलींचे जुने चित्रपट असेच साफ करून पुन्हा लावतात. 'टॉकिंग हेड्स' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाचा १९८४ सालचा चित्रपट २०२३ मध्ये नव्यानं लागला तेव्हा लोक थिएटरात उठून नाचले, हे नातवानंच सांगितलं. आमच्या बैठकीत नाचण्यासारखे गुडघे कुणाचे उरले नव्हते.

फिल्म दुरुस्त करतात म्हणजे काय करतात, हे मी नातवाकडून समजून घेतलं. सांगण्यासारखं आहे. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस चित्रं. म्हणजे एका तासात शहाऐंशी हजार चारशे. मूळ निगेटिव्ह किंवा बरी सापडेल ती प्रत घ्यायची, धुवायची, फाटलेले सांधे जुळवायचे, मग एकेक चित्र संगणकात उतरवायचं. धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे. काही यंत्र काढतं, काही माणसाला बसून काढावं लागतं. यंत्राला वाटलं की नाकातली चमकी म्हणजे डाग, तर ते चमकीही काढून टाकील! त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंगही टिकत नाहीत. निळा-हिरवा आधी उडतो आणि सगळं चित्र लालसर होऊन बसतं. आम्ही व्हिडिओवर पाहिलेला 'पिंजरा' तसाच होता, विटेच्या रंगाचा. आम्हाला वाटायचं शांतारामबापूंनीच तसा काढलाय.

आणि ही तरी सुदैवी फिल्म. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. त्या काळातली फिल्म म्हणजे जवळजवळ स्फोटकच, एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. प्रभातच्या काळातला अमोल ठेवा त्यात गेला. आमच्या शाळेत जुने हजेरीपट वाळवीनं खाल्ले तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तिथल्या माणसांचं काय झालं असेल!

असो. परत बैठकीत.

ढोलकीवाले बाबा काही न बोलता बसले होते. पहिली लावणी सुरू झाली तशी त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. गाणं संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव रं पोरा." पुन्हा लावलं. मग म्हणाले, "डाव्या पुडीचा घुमारा ऐकू आलाय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकलालो मी." कर्ण्यावर, कॅसेटवर, टीव्हीच्या छोट्या पेटीत ढोलकीची फक्त उजवी बाजू ऐकू यायची, टणटण. डाव्या हाताचं काम कुणाला कळतच नव्हतं. ते कान देऊन ऐकत राहिले आणि शेवटी निकाल दिला, "वाजवणारा तयारीचा हाय. पर ही स्टुडिओतली ढोलकी. फडात इतकं मोजून वाजवलं तर बाई पाय टाकायची न्हाई. तिच्या पायाकडं बघून वाजवावं लागतंय."

सिनेमाबद्दल त्यांची खरी तक्रार वेगळी होती. चहाच्या वेळी ते म्हणाले, "सर, तमाशानं गुरुजी बिघडला म्हणत्यात. माझ्या सबंध आयुष्यात फडानं बिघडवलेला मास्तर मी एकबी बघितला न्हाई. पाटलांची पोरं बिघडलेली बघितली, पर ती यायच्या आधीच बिघडलेली असायची." सगळे हसले. मी त्यांच्या बाजूचा आहे. 'पिंजरा' मला आवडतो, पण शांतारामबापूंनी यात दोन्ही डगरींवर हात ठेवलाय हे मान्य करावं लागेल. चांगले दोन तास लावणी डोळे भरून दाखवायची आणि मग तमाशाच्या नादाला लागाल तर फासावर जाल असा धडा द्यायचा. पुतळा गुरुजीचा उभा राहतो. चंद्रकलेला काय मिळतं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. बाबांनी विठाबाईंना पाहिलेलं आहे. त्यांचं नाव निघालं की ते कानाच्या पाळीला हात लावतात.

आता वहिनी. या सगळ्या गलक्यात त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाणी लागली की ओठ हलत, आवाज नाही. संध्याबाईंच्या नाचाबद्दल सुना बोलत होत्या, लुगड्याचा काठ किती स्पष्ट दिसतोय वगैरे. वहिनी मध्येच म्हणाल्या, "दमलीय बाई. घाम बघा मानेवर." आम्ही कुणी तो पाहिला नव्हता. अकरा वेळा पाहणाऱ्या मास्तरांनीसुद्धा नाही.

गोष्ट पुढे सरकत होती तशा वहिनी आधीच सांगत होत्या, "आता नदी येईल." नदी आली. "आता हा निळू फुले काहीतरी कुचकं बोलेल." तो बोलला. सुनांना आश्चर्य. आत्यांनी सिनेमा पाहिलेला नाही म्हणता आणि सगळं ठाऊक कसं? त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलाय मला. समदा."

इथं थोडं मागं जायला हवं.

बाहत्तरच्या दुष्काळात माझी बी.ए. नुकतीच झाली होती आणि नोकरी नव्हती. दुष्काळी कामावर हजेरी लिहायचं काम मिळालं. रस्त्याच्या खडीवर शेकडो माणसं, त्यांत आमच्या वहिनीही होत्या, कडेवर माझा मोठा पुतण्या. घरच्याच माणसाचं नाव मस्टरवर लिहिताना कसं वाटायचं ते आता सांगत नाही. खायला मिलो ज्वारी, लाल, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. पोरांना सुकडी. विहिरी आटलेल्या. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सोलापूरला अडतीत हमालीला गेला होता. शनिवारी रात्री यायचा. हैदराबाद रस्त्यावर येणेगूरला उतरायचा आणि तिथून पुढं मुरुमपर्यंत पायी. आठवड्याचे पैसे वहिनींच्या हातात द्यायचा.

एका शनिवारी पैसे कमी भरले. वहिनींनी विचारलं. अण्णा खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, सिनेमा पाहिला. त्या रात्री आमच्या घरात जे भांडण झालं ते मी माळवदावर झोपलेलो असताना सगळं ऐकलं. दिवसभर खडी फोडून हाताची सालटी गेलेली बाई आणि सिनेमाला पैसे घालवून आलेला नवरा, भांडण होणारच. वहिनी शेवटी म्हणाल्या, "मग सांगा तरी, काय बघितलंत एवढं?"

आणि अण्णानं सांगायला सुरुवात केली. त्याला गळा बरा होता. अंगणात बाजेवर बसून त्यानं पहिल्यापासून सिनेमा सांगितला, गाण्यासकट, गुरुजीच्या आणि चंद्रकलेच्या बोलण्यासकट. एक रात्र पुरली नाही, पुढच्या शनिवारी राहिलेला. मग कळलं की राहिलेलं आठवायला त्यानं परत पाहिला होता! असा त्यानं तो चार वेळा पाहिला. चौथ्या वेळेपर्यंत वहिनींनी भांडायचं सोडलं होतं.

अण्णाला जाऊन आता बारा वर्षं झाली.

तर भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी सिनेमा संपत आला. गुरुजीला पकडलं, कोर्ट झालं. वहिनी सावरून बसल्या. शेवट झाला, अक्षरं आली, नातवानं दिवा लावला. वहिनी म्हणाल्या,

"हे खोटं हाय."

कुणाला काही कळेना. मी विचारलं, "काय खोटं, वहिनी?"

"शेवट. असा न्हाई शेवट. गुरुजी आणि ती रातच्याला नदी उतरून पल्याड जात्यात. लांबच्या गावात. तिथं कुणी वळखत न्हाई त्यांना. गुरुजी शाळा काढतो. ती पोरींना गाणं शिकवती. म्हातारी व्हत्यात दोघं."

बैठकीत शांतता. मास्तर काही बोलणार होते, मी डोळ्यानंच थांबवलं. मग वहिनीच नातवाला म्हणाल्या, "तूच म्हणलास ना, ह्यांनी काढलंय, घातलंय, धुतलंय? शेवट बी बदलला असंल."

आता यावर काय म्हणावं? नातू पोरगा भाबडा, खरं तेच बोलणारा. तो म्हणाला, "मोठी आजी, शेवट बदलतात कधी कधी." आणि त्यानं 'शोले'ची हकीगत सांगितली. १९७५ चा 'शोले' चित्रित झाला तेव्हा ठाकूर गब्बरला मारून टाकतो असा शेवट होता. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं तो चालू दिला नाही, मग पोलीस येतात आणि गब्बरला पकडतात असा दुसरा शेवट घालावा लागला. पन्नास वर्षं आपण तोच पाहिला. २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दुरुस्त केलेली प्रत दाखवली ती पहिल्या शेवटासह. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "बघा!"

मी म्हटलं, "वहिनी, 'पिंजरा' मी स्वतः पाहिलाय. चौऱ्याहत्तर साली, नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेत. शेवट हाच होता, फाशीचा."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तंबूत बघितलात, भाऊजी. ह्यांनी सोलापुरात बघितलाय."

यापुढे बोलणंच खुंटलं. तंबूतल्या प्रतीवर सोलापूरची प्रत भारी, हे त्या काळी कुणीही मान्य केलं असतं.

मंडळी पांगली. मास्तरांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "सर, एक बोलू? तुमचे अण्णा संध्याकाळचा सहाचा खेळ बघत असतील. दुसरा कुठला बघणार, दिवसा हमाली." म्हटलं, "बरं, मग?" ते म्हणाले, "मध्यंतर धरून तो खेळ नवाच्या पुढं सुटायचा. आणि या रस्त्याची रातची शेवटची गाडी त्याच्या आधी सुटायची. मी स्वतः त्या गाडीवर होतो की काही दिवस. सिनेमाचं पब्लिक पळत यायचं, अर्धवट सोडून. गाडीत बसल्यावर एकमेकाला विचारायचे, पुढं काय झालं असंल रं?"

त्यांना वेळापत्रक अजून पाठ आहे. मुक्कामी गाड्यांसकट.

मी घरी येऊन बराच वेळ जागा होतो. चारही वेळा अण्णा शेवट न बघताच उठला असेल का? असेल. पण त्याला शेवट माहीत नसेल हे मला पटत नाही. एवढा गाजलेला सिनेमा, पुतळा आणि फाशी ही गोष्ट अडतीतल्या पोरासोरांना ठाऊक होती. वहिनींच्या पोटात तेव्हा दुसरं लेकरू होतं, दिवसभर ऊन आणि खडी. अशा बाईला रात्री बाजेवर बसून, गुरुजी फासावर गेला, चंद्रकला मेली, हे सांगायला त्याची जीभ रेटली नसेल. की त्यालाच तो शेवट मान्य नव्हता? अण्णा चौथीपर्यंत शिकलेला. त्याला ज्या गुरुजींनी शिकवलं त्यांचं नाव तो मरेपर्यंत हात जोडून घेत असे. त्यानं गुरुजीला फाशी होऊ दिली नसती. यांतलं कुठलं खरं, हे सांगायला अण्णा नाही.

मराठीचा मास्तर म्हणून एक गोष्ट इथं सांगितल्यावाचून राहवत नाही. 'पिंजरा'ची मूळ कल्पना जर्मनीतली. हाइन्रिश मान या लेखकाची १९०५ ची कादंबरी, तिच्यावरून १९३० साली 'द ब्लू एंजल' हा चित्रपट निघाला, मार्लेन डिट्रिश त्यातली गाणारी. कादंबरीतला प्राध्यापक शेवटी सगळ्या गावालाच जुगाराच्या नादी लावतो आणि त्याला अटक होते. चित्रपटवाल्यांनी ते बदललं. त्यांचा प्राध्यापक विदूषकाचे हाल सोसून रात्री आपल्या जुन्या वर्गात परत येतो आणि टेबल घट्ट धरून तिथंच प्राण सोडतो. आपल्याकडे आल्यावर त्याचा गुरुजी झाला, गावानं पुतळा बांधला आणि तो स्वतःच्या खुनासाठी फासावर गेला. म्हणजे ज्याच्या ज्याच्या हातात ही गोष्ट आली त्यानं शेवट आपल्या मतानं केला. हाइन्रिश मान, जर्मन चित्रपटवाले, शांतारामबापू आणि चौथा आमचा अण्णा, अडतीतला हमाल, मुक्काम मुरुम, तेव्हाचा जिल्हा उस्मानाबाद. त्याची प्रत कुठल्या कोठारात नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका बाईजवळ आहे, आणि तिच्या मते बाकीच्या प्रतींत चूक आहे.

मास्तरांनी सांगितलेलं वेळापत्रक मी वहिनींना सांगितलेलं नाही. सौ. म्हणतात, सांगा. मला त्याची गरज वाटत नाही. त्यांना खरंच ठाऊक नाही असं तरी कुठं आहे? पन्नास वर्षांत पन्नास वेळा कुणीतरी 'पिंजरा'तल्या फाशीचं बोललं असेल. त्यांच्या सुनाही व्हिडिओच्या जमान्यात वाढलेल्या. गणपतीत भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे लावायचे, त्यात 'पिंजरा' हटकून असायचा. वहिनी तेव्हा अर्ध्यातून उठून जायच्या, आम्हाला वाटायचं झोप आली.

संक्रांतीला वहिनी तिळगूळ घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तो सिनेमा हाय का अजून तुमच्या टीव्हीत?" नातू नव्हता, पण मला आता तेवढं जमतं. लावला. या वेळी आम्ही तिघंच, मी, सौ. आणि वहिनी. थोड्या वेळानं आवाज ऐकून मास्तरही आले. गाणी झाली, नदी झाली, पुतळा झाला. गुरुजी फडाबरोबर गाव सोडून निघाला आणि वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चलते, पाणी भरायचंय. नळ यायची वेळ झाली." सौ. म्हणाल्या, "अहो, नळ उद्या आहे." तोवर त्या उंबऱ्याबाहेर.

मी बंद करायला निघालो तर मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, मी बघतो शेवटपर्यंत. मला आता कुठली गाडी गाठायचीय?" आणि ते बघत बसले. संपल्यावर त्यांनी विचारलं, 'सांगत्ये ऐका'ची पण अशी धुतलेली प्रत निघालीय का? १९५९ चा सिनेमा, हंसाबाई वाडकरांचा, पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चाललेला. नातवाला विचारून सांगतो म्हटलंय. मास्तरांची एकच अट आहे, थोडा पाऊस ठेवला तर बरं.